बीज, भूमी आणि बल : कर्करोगाच्या प्रसाराविषयीच्या एका वादाचा इतिहास

कर्करोगाने दगावणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या मृत्यूस मूळ गाठ कारण होत नाही. ती गाठ सोडून निघालेल्या पेशी यकृत, फुप्फुस, अस्थी किंवा मेंदू यांत वस्ती करतात आणि तेथील दुय्यम गाठी प्राणघातक ठरतात. या प्रसारास पेशींचे जैविक गुणधर्म कारण, की शरीरातील प्रवाह, दाब व अरुंद वाटा यांसारखी भौतिक बले कारण, हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. त्या चर्चेचा संपूर्ण वृत्तांत देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. संशोधकाने प्रयोगासाठी जी प्रतिकृती निवडली, तिनेच त्याला कोणते उत्तर दिसू शकेल हे पुष्कळ अंशी ठरविले, एवढा एकच मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

वादाचा आरंभ मृतदेहांच्या तपासणीतून झाला. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी इ. स. १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू आलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात दुय्यम गाठी आढळल्या, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. प्लीहेची धमनी काही यकृताच्या धमनीहून लहान नाही; तेव्हा रक्तप्रवाह हेच एकमेव कारण असते तर एवढा फरक पडावयास नको होता. यावरून पेशी हे बीज व अवयव ही भूमी, आणि बीज रुजावयास अनुकूल भूमी लागते, असे प्रतिपादन त्यांनी केले. याउलट न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी आपल्या ग्रंथाच्या १९२८ च्या आवृत्तीत असे मत मांडले की, रुधिराभिसरणाची यांत्रिक रचनाच बहुतेक प्रसाराचा उलगडा करण्यास पुरेशी आहे. दोघांचाही आधार शवविच्छेदनच होता. शवविच्छेदनाने प्रवासाचा शेवट कळतो. वाटेत काय घडले ते कळत नाही.

वाटेत काय घडते हे पाहावयाचे तर जिवंत पेशीकडेच वळणे भाग होते. इ. स. १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेल कोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म सुयांनी परस्परांस चिकटलेल्या पेशींच्या जोड्या ओढून वेगळ्या केल्या. सुई किती वाकते यावरून लागणारे बल मोजता येई. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा फारच कमी बलाने सुटतात, असे त्यांना आढळले. गाठीपासून पेशी का सुटते, या प्रश्नाला अशा रीतीने मापनाचे रूप आले.

पुढील टप्पा उंदरांवरील प्रयोगांचा होय. इ. स. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सर्गी आयोडिनाने खूण केलेल्या मेलानोमाच्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. दोन आठवड्यांनंतर त्यांपैकी फार तर हजारात एक पेशी शिल्लक होती. इ. स. १९८० मध्ये इयन हार्ट यांच्यासह त्यांनी उंदरांच्या मांडीत फुप्फुस, बीजांड व मूत्रपिंड यांच्या ऊतींची कलमे बसविली. पेशी सर्व कलमांत सारख्याच अडकल्या. गाठी मात्र फुप्फुसाच्या व बीजांडाच्या कलमांतच वाढल्या. पेशी कोठे अडकते आणि कोठे वाढते हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. पॅजेट व यूइंग वस्तुतः एकाच प्रश्नाचे उत्तर देत नव्हते.

तथापि बलाचा प्रश्न एवढ्याने मिटला नाही. बफेलो येथील लिओनार्ड वाइस यांचे म्हणणे असे की, गोलाकार पेशी अरुंद केशवाहिनीत शिरताना नळीच्या आकाराची होते, तिच्या पृष्ठभागास ताण बसतो आणि मर्यादेबाहेर ताणलेले आवरण फाटून ती मरते. हृदयाच्या व हातापायांच्या स्नायूंतील केशवाहिन्यांत असे घडते, हे त्यांनी दाखविले. उलटपक्षी कॅनडातील ॲन चेंबर्स यांच्या गटाने इ. स. १९९५ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या आवरणात, जिवंत रक्तवाहिन्यांवर सूक्ष्मदर्शक रोखून पाहिले. तेथे ८० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहून वाहिनीबाहेर पडल्या. इ. स. १९९८ मध्ये उंदराच्या यकृतातही बहुतेक पेशी तगल्या; सूक्ष्म गाठी मात्र चाळिसातील एकीनेच बनविल्या. ही निरीक्षणे परस्परविरोधी भासतात, पण त्यांतील अवयव निराळे आहेत. आकुंचन पावणाऱ्या स्नायूतील वाट आणि यकृतातील रुंद वाट पेशीवर सारखेच बल लावीत नाहीत. एका अवयवावरून काढलेला निष्कर्ष सर्व देहाला लावणे, ही येथील खरी चूक होय.

अशीच एक चूक काचेनेही घडविली होती. अनेक दशके पेशी काचेवर वाढवून पाहिल्या गेल्या. पण काच वाकत नाही, म्हणून पेशी आपल्या आधाराला ओढते हे तेथे दिसूच शकत नव्हते. इ. स. १९८० मध्ये आल्बर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोन रबराच्या पातळ पडद्यावर पेशी ठेवल्या, तेव्हा पडद्यावर सुरकुत्या पडल्या आणि ती ओढ डोळ्यांना दिसली. पुढे इ. स. १९९७ मध्ये ॲगरोजच्या जेलीत कोंडलेले पेशींचे गोळे विशिष्ट दाबाखाली वाढावयाचे थांबतात व दाब काढताच पुन्हा वाढू लागतात, असे आढळले. इ. स. २०१३ मध्ये कोलॅजनच्या जाळ्यातून सरकणाऱ्या पेशीस पेशीकेंद्राच्या आकाराची मर्यादा पडते, असे दाखविले गेले. अतिअरुंद मार्गातून जाताना केंद्राचे आवरण फाटते व आनुवंशिक द्रव्यास इजा होते, हे इ. स. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सिद्ध केले. म्हणजे बल पेशीस केवळ वाहून नेत वा अडवीत नाही, ते तिच्यात बदलही घडविते. इ. स. २०१८ मध्ये झेब्रा माशाच्या गर्भात असे दिसले की, मंद प्रवाहात पेशी थांबते, पण तिला वाहिनीबाहेर काढण्यास प्रवाहाचेच साहाय्य होते.

बीज, भूमी आणि बल या तिहींपैकी एकाची निवड करण्याचा प्रश्न आता उरलेला नाही, असे म्हणावयास हरकत नाही. प्रश्न उरतो तो प्रतिकृतीच्या निवडीचा. सुई, उंदीर, अंडे, रबर व जेली यांपैकी प्रत्येकीने काही दाखविले आणि काही झाकले. हाती आलेले उत्तर निसर्गाचे किती आणि आपल्या उपकरणाचे किती, हे अभ्यासकाने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. कारण त्या उत्तरावर उद्या कोणा रुग्णाचे उपचार ठरावयाचे असतात.