खालच्या गियरची कुळकथा

आरटीओच्या ट्रायलला आलेला नवशिका पहिला गियर टाकून गाडी उचलतो, दुसरा, तिसरा बरोबर पडतात. वळण जवळ येतं, तो तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, क्लच सोडतो आणि गाडी असा हिसका देते की शेजारी बसलेले इन्स्पेक्टर पुढे झुकतात. या हिसक्यामागे सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो कळला, की गियर उतरवण्याची भीती निम्मी सरते.

१८९१च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लेवासोर कारखान्यात एमिल लेवासोर यांनी मोटारीची मांडणी ठरवली : पुढे इंजिन, त्यामागे क्लच आणि मग गियरबॉक्स. गियरबॉक्समधली दातेरी चाकं दांड्यावर सरकवायची आणि फिरत असतानाच एकमेकांत घुसवायची. दाताला दात भिडले की खरखराट व्हायचा, कधी दात तुटायचेही. पद्धत रांगडी आहे पण चालते, असे उद्गार लेवासोर यांच्या नावावर सांगितले जातात. ती चालली हे मात्र खरं. १८९५च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत त्यांनी सुमारे ११८० किलोमीटर अंतर ४९ तासांच्या आत कापलं. पुढची कित्येक दशकं जगभरचे ड्रायव्हर याच धर्तीच्या गियरबॉक्सशी झुंजत राहिले.

ही झुंज गियर चढवताना सोपी होती आणि उतरवताना अवघड. वरचा गियर टाकायचा तर गियरबॉक्समधल्या दांड्याची गती कमी व्हावी लागते, आणि दाट तेलात फिरणारा दांडा क्षणभर थांबलं की आपोआप मंदावतो. खालच्या गियरला उलट. गाडीचा वेग तोच ठेवून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला २०००वरून साधारण ३०००वर जायला हवेत. दांडा आपणहून वेग घेत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं पळतो, तसंच हे आहे.

यातूनच ‘डबल क्लच’ आला. क्लच दाबायचा, गियर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गियर टाकायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्याशिवाय दिलेली रेस गियरबॉक्सपर्यंत पोचतच नाही, म्हणून ही दोनदा दाबादाबी. रेस किती द्यायची हे सांगणारा काटा बहुतेक गाड्यांत नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि तळहाताखालच्या दांडीची थरथर ओळखायची. बेत जमला तर गियर अलगद पडायचा. नाहीतर खरखराट आख्ख्या रस्त्याला ऐकू जायचा.

हे काम ड्रायव्हरच्या हातून काढून यंत्रावर सोपवलं ते अमेरिकन इंजिनियर अर्ल थॉम्पसन यांनी. त्यांची सिंक्रोमेशची कल्पना जनरल मोटर्सने उचलली आणि १९२८ साली ती कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढे रूढ झालेली त्याची रचना अशी : गियरच्या बाजूला एक निमुळता शंकू आणि त्यावर बसणारी पितळेची कडी. कडीच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक चऱ्या असतात, त्या शंकूवरचा तेलाचा थर कापतात. मग कडी शंकूला घट्ट घासते आणि त्या घर्षणाने दोन्हींची गती एक होते. ती एक होईपर्यंत कडीचे दात वाट अडवून धरतात. दांडी क्षणभर अडल्यासारखी वाटते आणि मग ‘खट्’ करून आत जाते, ती यामुळेच.

सुरुवातीला ही सोय वरच्या गियरांनाच होती, पहिल्याला नाही. १९४०च्या दशकाअखेरीस महिंद्रने मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपचीही हीच गोष्ट : दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश, पहिल्याला डबल क्लच. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांच्या पायात ती सवय अशी मुरली, की नव्या गाड्यांतही ती सुटली नाही.

मग आज हिसका का बसतो? कारण पितळेची कडी अर्धंच काम करते. ती गियरबॉक्सच्या आतल्या गती जुळवते. इंजिन आणि गियरबॉक्स यांची भेट होते क्लचच्या प्लेटवर, आणि तिथे कडी पोचत नाही. गियर सुखासुखी पडतो, पण इंजिन अजून २०००वर असतं. क्लच सोडताच चाकं त्याला ३०००कडे खेचतात आणि तो ताण सगळ्या गाडीला बसतो. म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवावा, मग गियर टाकावा आणि क्लच पकडायला लागतो त्या जागी पाय क्षणभर रोखून हळू सोडावा. हात बसला, की क्लच सुटण्याआधी हलकी रेस द्यायलाही शिकावं. डबल क्लचचा हाच तेवढा भाग उरला आहे आणि तो अजून ड्रायव्हरच्याच पायात आहे.

वेग कमी करायला ब्रेक आणि गाडी ओढायला गियर, हा विचार चांगले ब्रेक आल्यावरचा. लेवासोर यांच्या काळात ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि तेही बेताचे, त्यामुळे उतारावर गियरचाच मोठा आधार. तो आधार घाटात आजही लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या १५व्या नियमात चाचणीच्या कलमांत दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत : रहदारी पाहून टॉप गियरवरून झटपट खाली येणं आणि उतारावर झटपट खालचा गियर टाकणं. ज्या गियरने घाट चढायचा त्याच गियरने उतरायचा, हे आपले ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले तेच यात कायद्याच्या भाषेत आहे. सतत ब्रेक दाबून लायनर तापले की ब्रेक लागेनासे होतात, आणि तेव्हा गाडी धरून ठेवतं ते इंजिनच.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ‘आता दुसरा टाका’ एवढंच सांगून भागवू नये. इंजिन आता किती जोरात फिरतंय आणि पुढच्या गियरला किती जोरात फिरायला हवं, हे कानाने ओळखायला शिकवावं. ते आलं, की ट्रायल तर निघतेच, खंबाटकीचा घाटही निभतो.