जंप क्यू की नेहमीचा क्यू? पूलमधील उडीचे शास्त्र आणि वाद

पूलच्या टेबलावर पांढरा चेंडू आणि ज्या चेंडूवर नेम धरायचा तो, या दोहोंच्या मध्ये तिसराच चेंडू येऊन उभा राहिला की खेळाडूपुढे तीन मार्ग उरतात. पांढरा चेंडू कुशनवर आदळवून वळशाने लक्ष्यापर्यंत न्यायचा, म्हणजे 'किक' मारायची. क्यू उभा धरून चेंडूला जोरदार फिरकी द्यायची आणि त्याला अडथळ्याभोवती वळवायचे. किंवा मधल्या चेंडूवरून थेट उडी मारायची. यातील उडीचा फटका प्रेक्षकांना सर्वाधिक आवडतो आणि खेळाडूंमध्ये सर्वाधिक वादही त्याच्यावरूनच होतो. वादाचे कारण फटका नसून त्यासाठी तयार केलेला आखूड, हलका आणि कडक टोकाचा 'जंप क्यू' हे आहे. नेहमीच्या क्यूने वर्षानुवर्षांच्या सरावानंतर जमणारी उडी या क्यूने नवख्या खेळाडूला काही दिवसांत जमू लागते. असे का होते, नियम काय सांगतात आणि हौशी खेळाडूने कशाची निवड करावी, याचा हा आढावा.

चेंडू उडतो कसा?

क्यूचे टोक चेंडूच्या खाली घालून तो वर उचलला जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नियमानुसार मारलेली उडी नेमकी उलट असते. क्यूचा मागचा भाग वर उचलून चेंडूवर तिरका, खालच्या दिशेने आघात केला जातो. चेंडू कापडाखालच्या दगडी स्लेटवर दाबला जातो आणि तिथून उसळून वर येतो.

टोक चेंडूखाली घालून तो चमच्याने उचलल्यासारखा उडवणे, म्हणजे 'स्कूप', हा प्रकार जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या (डब्ल्यूपीए) नियमांत फसलेल्या फटक्यासारखा, म्हणजे 'मिसक्यू'सारखा धरला जातो. तो जाणूनबुजून केला तर अखिलाडू वर्तन ठरते. पूल पार्लरमध्ये हौशी मंडळी 'जंप' म्हणून जे मारतात, त्यातील पुष्कळसे फटके याच वर्गात मोडतात आणि टेबलाचे कापड फाटते तेही बहुधा यामुळेच.

पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर असतो. अडथळ्याच्या बरोबर माथ्यावरून जायचे तर पांढऱ्या चेंडूला किमान तेवढे वर उठावे लागते. त्यासाठी स्लेटवरून सुटताना त्याचा वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर लागतो आणि चेंडू हवेत राहतो जेमतेम एक पंचमांश सेकंद. तेवढ्या वेळात तो किती पुढे जाईल, हे त्याच्या आडव्या वेगावर ठरते. अडथळा दूर असेल तर लांब, सपाट उडी चालते. तो जवळ असेल तर चेंडू जवळजवळ सरळ वर उठवावा लागतो आणि क्यूही तितकाच उभा धरावा लागतो. दोन्ही क्यूंमधील फरक येथेच दिसू लागतो.

लांबीचा अडसर

नेहमीचा क्यू सुमारे ५८ इंच लांब असतो. जंप क्यूची लांबी साधारणपणे ४० ते ४१ इंच असते. टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे ३० इंचांवर असतो. नेहमीचा क्यू ४५ अंशांत धरला तर त्याचे मागचे टोक जमिनीपासून ७१ इंचांवर, म्हणजे जवळजवळ सहा फुटांवर जाते. ६० अंशांत ते ८० इंचांवर, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास पोहोचते. पकड टोकापासून थोडी पुढे घेतली तरी सामान्य उंचीच्या खेळाडूचा हात त्या अवस्थेत डोक्याच्या वर जातो आणि नेम धरणे अशक्यप्राय होते.

४० इंची क्यूचे मागचे टोक ४५ अंशांत जमिनीपासून ५८ इंचांवर आणि ६० अंशांत सुमारे ६५ इंचांवर राहते. म्हणजे खांद्याच्या किंवा हनुवटीच्या उंचीवर हात ठेवून खेळाडू उभा कोन साधू शकतो. अडथळा अगदी जवळ असेल तर अनेक खेळाडू क्यू भाल्यासारखा किंवा डार्टसारखा छातीसमोर धरून मनगटाने टोचल्यासारखा फटका मारतात. पूर्ण लांबीच्या क्यूने हा प्रकार करणे जवळजवळ अशक्यच.

वजनाचे गणित

लांबीपेक्षाही निर्णायक ठरते ते वजन. नेहमीचा क्यू साधारण १९ औंस, म्हणजे ५४० ग्रॅम वजनाचा असतो. जंप क्यू ७ ते १० औंसांचा, म्हणजे २०० ते २८० ग्रॅमच्या दरम्यान असतो. चेंडूचे वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम असते.

जड क्यूने चेंडू अधिक जोरात उडायला हवा, असे वरकरणी वाटते. पण उडीत अडचण असते ती आघातानंतरची. चेंडू स्लेटवरून उसळत असताना क्यू त्याच्या वाटेतून बाजूला झालेला असावा लागतो. टक्करीचे साधे गणित मांडले, त्यात क्यूची पकड सैल मानली आणि चामड्याच्या टिपेची उसळी सुमारे ७३ टक्के धरली, तर १९ औंसांचा क्यू चेंडूला लागल्यानंतरही आपल्या मूळ वेगाच्या सुमारे ५८ टक्के वेगाने पुढे जात राहतो. उसळणाऱ्या चेंडूला तो वरून पुन्हा दाबतो किंवा दुसऱ्यांदा लागतो. दुहेरी स्पर्श झाला की तो फाऊल.

आता ८ औंसांचा क्यू आणि सुमारे ८५ टक्के उसळीची कडक टिप घेतली, तर आघातानंतर क्यूचा वेग २० टक्क्यांच्या आसपास उरतो. क्यू जणू जागच्या जागी थबकतो आणि चेंडूला वर येण्यास वाट मोकळी मिळते. हलक्या क्यूने चेंडूला मिळणारा वेग त्याच झटक्यात थोडा कमी असतो, हे खरे. परंतु हलका क्यू हाताने अधिक वेगाने फिरवता येत असल्याने ही उणीव भरून निघते.

याचा अर्थ क्यू जितका हलका तितका चांगला, असाही नाही. वजन फारच कमी केले तर चेंडूला पुरेसा वेग देण्यासाठी हात कमालीच्या वेगाने हलवावा लागतो आणि नेम ढळतो. सात ते दहा औंस हा त्यातील सुवर्णमध्य होय.

टोकाचा कडकपणा

नेहमीच्या क्यूची टिप चामड्याची असते. ती आघाताच्या क्षणी किंचित दबते, खडू धरून ठेवते आणि त्यामुळे चेंडूला फिरकी देता येते. जंप क्यूला फेनोलिक रेझिनची किंवा अतिशय कडक चामड्याची टिप लावतात. ती दबत नाही, चेंडूशी तिचा स्पर्श अत्यल्प काळ टिकतो आणि आघाताची ऊर्जा कमी वाया जाते. फिरकी देण्यासाठी मात्र ही टिप फारशी उपयोगाची नसते. म्हणूनच जंप क्यू एकाच कामाचे साधन राहतो आणि त्याने उरलेला खेळ खेळता येत नाही.

आज बाजारात 'ब्रेक-जंप' असा जोडक्यूही मिळतो. संपूर्ण जोडला की तो सुरुवातीचा ब्रेक मारण्यासाठी वापरायचा आणि मागचा तुकडा काढून टाकला की उडीसाठी. ज्यांना तीन वेगवेगळे क्यू बाळगायचे नाहीत, त्यांच्यासाठी ही तडजोड ठीक आहे. तथापि, केवळ उडीसाठी बनवलेल्या क्यूपेक्षा तो बहुधा काहीसा जडच असतो.

नेहमीच्या क्यूने उडी

नेहमीच्या क्यूने उडी मारता येतच नाही, असे मुळीच नाही. अडथळा पांढऱ्या चेंडूपासून पुरेशा अंतरावर असेल आणि लक्ष्य त्याच्याही पलीकडे दूर असेल, तर ३० ते ४० अंशांचा कोन, सैल पकड आणि झटकेदार पण आखूड फटका एवढ्यावर काम भागते. फटका मारल्यावर क्यू पुढे रेटायचा नाही, हे यातील मर्म आहे. हलका क्यू जे आपोआप करतो, ते येथे मनगटाला शिकवावे लागते. अडथळ्याच्या केवळ कडेवरून जायचे असेल तर चेंडूला पूर्ण उंची गाठण्याचीही गरज नसते.

अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलँड पूर्ण लांबीच्या क्यूने मारलेल्या उड्यांसाठी ओळखला जातो. १९९०, १९९१ आणि २००२ असे तीनदा नाइन-बॉलचे विश्वविजेतेपद त्याने पटकावले. उडी हे हाताचे कसब आहे, साधनाचे नव्हे, असे मानणाऱ्यांना त्याचे उदाहरण जवळचे वाटते.

नियम काय सांगतात?

'डब्ल्यूपीए'च्या नियमांनुसार सामन्यादरम्यान क्यू बदलण्यास परवानगी आहे. ब्रेकसाठी एक, उडीसाठी दुसरा आणि नेहमीच्या खेळासाठी तिसरा क्यू वापरता येतो. कोणत्याही क्यूची लांबी मात्र ४० इंचांपेक्षा कमी असता कामा नये. वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिपेची रुंदी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर असावी लागते. किमान वजनाची अट नाही. हलक्या जंप क्यूंना मोकळे रान मिळाले ते यामुळेच. बहुतेक जंप क्यू नेमके ४० इंचांच्या आसपास का असतात, याचेही उत्तर या नियमात आहे.

तरीही सर्वत्र एकच रीत नाही. अमेरिकेतील काही लीग आणि स्पर्धांनी वेळोवेळी जंप क्यूला मज्जाव केला आहे. तेथे उडी मारायची तर ती हातातल्या नेहमीच्या क्यूनेच मारावी लागते.

वाद कशाचा?

जंप क्यूला महत्त्व आले ते नाइन-बॉलच्या बदललेल्या नियमांमुळे. पूर्वी अडचणीत सापडलेल्या खेळाडूला 'पुश-आऊट'ची, म्हणजे चेंडू सोयीच्या जागी ढकलून देण्याची मुभा वारंवार मिळत असे. 'टेक्सास एक्स्प्रेस' नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाल्यावर ही मुभा केवळ ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्यापुरती उरली. कोणत्याही फाऊलनंतर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हवा तेथे ठेवण्याचा, म्हणजे 'बॉल इन हँड'चा हक्क मिळू लागला. एक चूक म्हणजे बहुधा गमावलेला डाव, अशी स्थिती झाली. त्यामुळे चेंडू लपवणारी 'सेफ्टी' हे मोठे शस्त्र ठरले आणि त्यातून सुटण्याचा उपाय म्हणून उडी.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की विचारपूर्वक खेळलेली सेफ्टी एका विकतच्या साधनाने निष्प्रभ होते आणि किकची कला मागे पडते. त्यासाठी फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचा दाखला दिला जातो. १९९५ मध्ये अमेरिकेतील रीनो येथे सँड्स रिजन्सी स्पर्धेत स्ट्रिकलँडविरुद्ध खेळताना त्याने दोन कुशनांचा आधार घेऊन इंग्रजी 'झेड'च्या आकारात मारलेली किक आजही या खेळातील सर्वोत्तम फटक्यांत गणली जाते.

समर्थकांचा युक्तिवादही दुबळा नाही. जंप क्यू चेंडू उडवतो, पण दिशा देत नाही. उभ्या क्यूने किंचित बाजूला आघात झाला तरी चेंडू वळतो. चेंडू हवेत असतानाच लक्ष्याला लागला तर तो मध्यरेषेच्या वर लागतो आणि पॉकेटचा कोन बिघडतो. पांढरा चेंडू टेबलाबाहेर गेला तर फाऊल होतो तो वेगळाच. शिवाय उडीने सुटता येते म्हटल्यावर सेफ्टी खेळणाऱ्यालाही अधिक चोख खेळावे लागते. अडथळा पांढऱ्या चेंडूला जवळजवळ चिकटवून ठेवला, तर जंप क्यूचाही निभाव लागत नाही.

स्नूकरच्या संस्कारात वाढलेल्यांसाठी

मुंबई-पुण्यातील जिमखान्यांमध्ये बिलियर्ड्स आणि स्नूकरची परंपरा जुनी आहे. तेथून पूलकडे वळणाऱ्या खेळाडूला उडीचा फटका परका वाटणे स्वाभाविक आहे. स्नूकरमध्ये काही मोजके अपवाद वगळता पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूवरून उडाला की तो फाऊल ठरतो. स्नूकरचा क्यू पूलच्या क्यूहून निमुळता आणि त्याची टिप बारीक असते. तिरक्या जोरदार आघातासाठी तो वापरल्यास टिप आणि टोकाकडील धातूची कडी, दोन्ही खराब होण्याचा धोका असतो.

निवड कशी करावी?

महिन्यातून दोन-चारदा हौसेने खेळणाऱ्याने आधी किक शिकावी. तिला वेगळा खर्च लागत नाही आणि कोणत्याही टेबलावर ती चालते. त्यानंतर दूरच्या अडथळ्यावरून नेहमीच्या क्यूने सपाट उडी मारण्याचा सराव करावा. स्पर्धांत नियमित उतरणाऱ्याला मात्र जंप क्यू टाळता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याकडे तो असताना आपल्याकडे नसणे म्हणजे प्रत्येक सेफ्टीत एक पाऊल मागे राहणे होय. खरेदी करताना लांबी ४० इंचांपेक्षा कमी नाही ना आणि ज्या स्पर्धेत खेळायचे तिथे त्या क्यूला व त्याच्या टिपेला मान्यता आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

सरावापूर्वी टेबलमालकाची परवानगी घेणेही तितकेच आवश्यक आहे. प्रत्येक उडीत चेंडू कापडावर दाबला जातो आणि घर्षणाने पांढरे डाग उमटतात. सरावाच्या जागी पांढऱ्या चेंडूखाली जुन्या कापडाचा तुकडा ठेवला तर टेबल वाचते.

एका दृष्टिक्षेपात

- नेहमीचा क्यू : लांबी सुमारे ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस, चामड्याची टिप. दूरच्या अडथळ्यावरून सपाट उडीसाठी पुरेसा.
- जंप क्यू : लांबी ४० ते ४१ इंच, वजन ७ ते १० औंस, कडक टिप. जवळच्या अडथळ्यावरून उंच उडीसाठी.
- 'डब्ल्यूपीए'ची मर्यादा : लांबी किमान ४० इंच, वजन कमाल २५ औंस, टिप कमाल १४ मिलिमीटर.
- फाऊल : दुहेरी स्पर्श, पांढरा चेंडू टेबलाबाहेर जाणे. चेंडूखाली टोक घालून मुद्दाम उचलणे हे अखिलाडू वर्तन.