सेवागुणांचे करार आणि त्यांचा पुनरुपयोग

दूरदूरच्या संगणकांवर विखुरलेली एकच आज्ञावली चालवावयाची, तर जाळ्याचा वेग, यंत्रावरील भार आणि होणारा विलंब यांची शाश्वती कोणालाच देता येत नाही. परिस्थिती पालटली की आज्ञावलीनेही आपली सेवा त्या बेताने कमीअधिक करावी, ही कल्पना जुनीच आहे. अडचण निराळी होती. जुळवून घेण्याचे हे शहाणपण प्रत्येक आज्ञावलीत नव्याने, तिच्या मूळ कार्यात गुंतवून लिहावे लागे. त्यामुळे ते तेथून उचलून दुसरीकडे नेता येत नसे.

१९९१ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने कॉर्बा ही प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात दोन घटकांमधील व्यवहार एका स्वतंत्र वर्णनभाषेत मांडला जाई: कोणती क्रिया, तिला काय पुरवावयाचे, तिच्यापासून काय मिळावयाचे. ती क्रिया किती त्वरेने वा किती नेटकेपणाने व्हावी, हे म्हणजे सेवेचे गुण, सांगण्याची सोय त्या भाषेत नव्हती. व्याकरणाच्या अभ्यासकास ही उणीव चमत्कारिक वाटेल. क्रियापद आहे, पण क्रियाविशेषण नाही.

ते पुरविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील बीबीएन या संस्थेत झाला. (१९६९ मध्ये आर्पानेटची संदेशवाहक यंत्रे याच संस्थेने बांधली होती; जाळ्याचा बेभरवसा तिला नवा नव्हता.) झिंकी, बाकेन आणि शांट्झ यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘क्वालिटी ऑब्जेक्ट्स’ या चौकटीत सेवागुणांचा करार वेगळ्या भाषेत लिहिला जातो. करारात परिस्थितीचे प्रदेश आखलेले असतात. मोजमाप करणारे घटक तत्कालीन स्थिती कळवितात. आणि सेवा मागणारा व पुरविणारा यांच्यामध्ये उभा असलेला ‘प्रतिनिधी’ आपण कोणत्या प्रदेशात आहोत हे पाहून वर्तन बदलतो.

करार वेगळा लिहिला की पुनरुपयोग आपोआप साधतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. आमच्या मते तो चुकीचा आहे. करार सुटा झाला तरी त्याची मोजमापे, प्रतिनिधीचा मजकूर आणि बदलाच्या क्रिया ठिकठिकाणी पांगलेल्याच राहिल्या. हे सारे एका गाठोड्यात बांधून त्यास ‘क्वॉस्केट’ असे नाव देण्यात आले, व २००२ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध झाले. खरी पायरी ही होय.

वैमानिकरहित विमानातून येणाऱ्या चलच्चित्रांवर या मंडळींनी केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. एमपेग पद्धतीत १५ चित्रांच्या गटात १ स्वयंपूर्ण, ४ मागील चित्रावर आधारलेली आणि १० मागील व पुढील दोहोंवर विसंबणारी, अशी रचना पुष्कळदा आढळते. सेकंदाला ३० चित्रे जाईनाशी झाली की तिसरा वर्ग गाळून १० पाठवावयाची. तेही न जमल्यास केवळ स्वयंपूर्ण अशी २. भार पाहून पायरी उतरण्याचा हा नियम अन्यत्र नेता येतो. गाळावे काय, हे मात्र चित्रांची अंतर्रचना जाणणाऱ्यालाच ठरविता येते, कारण स्वयंपूर्ण चित्र गाळले तर त्याच्या आधारावरील चित्रेही निरर्थक होतात. तोच करार ध्वनीसाठी वा आकड्यांच्या कोष्टकांसाठी घ्यावा, तर एवढा भाग पुन्हा लिहावाच लागतो. म्हणून क्वॉस्केटमध्ये प्रतिनिधीचा संपूर्ण मजकूर न ठेवता त्याचा साचा ठेवलेला असतो, आणि साच्यातील मोकळ्या जागा त्या त्या आज्ञावलीचा कर्ता भरतो.