पांढरा घोडा, पखालजी आणि कुणब्याचे घर

१/ वेरूळ म्हटले की कैलास लेणे आठवते. याच गावाची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. इथले मालोजी भोसले निजामशाहीच्या चाकरीत नावारूपाला आले, आणि भोसल्यांच्या गढीचे अवशेष गावात आजही आहेत. घोडेस्वारांच्या या मुलखात एक रोजचे काम होते, ज्याची बखरींनी फारशी दखल घेतली नाही: पांढरा घोडा पांढरा ठेवणे.

२/ आधी रंग समजून घ्यावा. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू काळे, तांबडे किंवा तपकिरी जन्मते आणि दरवर्षी त्याचे केस पिकत जातात. आतली कातडी मात्र काळीच राहते. यामागचा जनुकीय बदल २००८ साली स्वीडनमधील संशोधकांच्या गटाने शोधून काढला. जन्मापासून पांढरा आणि गुलाबी कातडीचा घोडा वेगळा. बाजारात त्याला ‘नुकरा’ म्हणतात. मूळ अर्थ चांदी.

३/ डाग कशाचे पडतात? घोडा बसतो तिथेच त्याचे मूत्र आणि लीद असते. मूत्रातला युरिया कुजला की अमोनिया तयार होतो आणि केसांवर पिवळा डाग धरतो. घोड्याच्या घामात ‘लॅथरिन’ नावाचे प्रथिन असते. ते साबणासारखे फेसाळते आणि वाळल्यावर केस चिकटवून धूळ धरून ठेवते. तांबड्या घोड्यावर हे सारे लपते. पांढऱ्यावर काहीच लपत नाही.

४/ यावर शास्त्राचा उपाय सोपा होता: स्नान. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, शिवाय गंध आणि माळा, असे तिथे सांगितले आहे. प्रत्येक घोड्याचे वय, रंग, खुणा आणि मूळ ठिकाण नोंदवावे, असाही आदेश आहे. राजाच्या अश्वशाळेला हे परवडत असे. दख्खनच्या पठाराचे काय?

५/ सभासद बखरीतली शिवकालीन पागेची रचना पाहावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा. एक घोडा दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी पितो. म्हणजे पंचवीस घोड्यांच्या नुसत्या तहानेसाठीच ६०० ते १,००० लिटर. ते पाणी एकाच माणसाने आणायचे. दोनदा स्नानाचा हिशेब इथेच कोलमडतो.

६/ वेरूळला येळगंगा आहे. पावसाळ्यात ती लेण्यांजवळून धबधबा होऊन कोसळते आणि उन्हाळ्यात आटते. नदीला पाणी असेल तेव्हा घोडा नदीवर न्यावा. एरवी सफाई कोरडीच. तिचे नाव खरारा. दातेरी खराऱ्याने वाळलेला चिखल आणि कोंडा सुटा करायचा, मग केसांच्या हातमोज्याने अंग चोळायचे. उत्तरेत या हातमोज्याला ‘हत्थी’ म्हणत. चोळल्याने कातडीतले तेल केसांवर पसरते आणि पाण्याच्या थेंबाशिवाय चकाकी येते.

७/ खराऱ्याने धूळ जाते, पिवळा डाग जात नाही. तिथे घरातल्या वस्तू उपयोगी पडतात. धान्याचा कोंडा तेलकटपणा ओढून घेतो. कोंड्याने घोडा चोळण्याची रीत युरोपातल्या तबेल्यांतही होती. मुलतानी माती ओला डाग शोषते आणि वाळल्यावर झटकता येते. गोवरीची राखही ओल शोषते, पण पाण्यात कालवली की तिच्यातला क्षार सुटतो. तो मळ काढतो तसा केस खरखरीत आणि कातडी कोरडीही करतो.

८/ धुवायचेच असेल तर रिठा. त्याच्या सालीत सॅपोनिन असते. ते फेस देते, मळ सोडवते आणि केसांना रंग लावत नाही. डोळ्यांत गेले तर मात्र झोंबते. शिकेकाई माणसाच्या काळ्या केसांना उत्तम. पांढऱ्या शेपटीवर तिची तपकिरी छटा राहण्याचा धोका. ताक किंवा लिंबाचे पाणी आम्लधर्मी असते. अमोनिया आम्लारिधर्मी, म्हणून आंबट पाण्याने मूत्राचा वास आणि डाग दोन्ही सौम्य होतात. नंतर साध्या पाण्याने धुणे आवश्यक.

९/ शेवटचा उपाय डाग काढतच नाही, डोळ्याला चकवतो. पिवळ्यावर निळ्याची हलकी छटा चढली की नजरेला पांढरे दिसते. मराठी घरांत धोतरे-सदरे याच तत्त्वाने निळीत बुडवले जात. कपड्यांच्या निळीत वापरली जाणारी कृत्रिम पूड १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये प्रथम बनली. मालोजींच्या काळी ती नव्हती. आज पांढऱ्या घोड्यांसाठी मिळणारा जांभळा शांपू हीच युक्ती वापरतो. मात्रा चुकली की घोडा निळसर दिसतो.

१०/ दरबारी लोकांनी याहून चतुर मार्ग काढला. मोगल चित्रांत पांढऱ्या घोड्यांचे पाय, पोटाखालचा भाग आणि शेपूट तांबूस रंगवलेले दिसतात. हा रंग मेंदीचा. तो शोभेसाठी आणि शुभ म्हणून लावला जाई. पण रंगवलेल्या जागा पाहाव्यात: चिखल, मूत्र आणि लीद नेमकी तिथेच लागते. जो भाग पांढरा ठेवणे सर्वांत कठीण, तोच रंगवून टाकला तर मोतद्दाराचे निम्मे कष्ट वाचतात.

११/ आता खरा प्रश्न. कोंडा, ताक, राख, रिठा या ‘घरगुती’ वस्तू. पण घर कोणाचे? शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, म्हणून भार त्याच्या घरावर. बारगिराचा घोडा सरकारी, म्हणून भार पागेवर. आणि पागेचा साठा संपला की भार छावणीशेजारच्या गावावर.

१२/ शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीसंबंधीचे १६७३ चे पत्र याच भीतीतून लिहिलेले आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे ते अधिकाऱ्यांना बजावते. मग लोक कुणब्यांच्या घरातून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी उचलू लागतील आणि रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असेही सांगते. रात्री जळता दिवा ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जाते.

१३/ या पत्राच्या प्रकाशात घोड्याची चकाकी वेगळी दिसते. घोड्याला चोळायचा कोंडा गुरांच्या तोंडचा असतो, ताक लेकरांच्या ताटातले असते आणि पखालीतले पाणी गावाच्या विहिरीचे असते. शुभ्र घोडा हे वैभवाचे चिन्ह होते, कारण ते वैभव कोणाला तरी रोज पुरवावे लागे. दुष्काळाच्या वर्षी त्या शुभ्रतेची किंमत वाढत असे.

१४/ दसऱ्याला घोडे धुऊन, सजवून पुजले जात; त्या एका दिवशी अर्थशास्त्रातले स्नान आणि माळा दख्खनच्या साध्या स्वाराच्या दारीही येत. उरलेले दिवस खराऱ्याचे. सैन्याच्या दप्तरांत घोड्याचा रंग आणि खुणा टिपलेल्या सापडतात, कारण घोडा बदलून फसवणूक होऊ नये. त्याला रोज पहाटे चोळणाऱ्या मोतद्दाराचे नाव मात्र क्वचितच.

१५/ आज तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि शहरांत वरातीसाठी पांढऱ्या घोडीलाच मागणी असते. घाईत कुणी कपड्यांचा सोडा किंवा ब्लीच वापरले तर डाग जातो आणि कातडीही सोलवटते. रिठा, माती, आंबट पाणी आणि हात यांचा मार्ग संथ आहे. कैलास लेण्याच्या भिंतीवर महाभारताच्या शिल्पपटात रथांना जुंपलेले घोडे कोरलेले आहेत. ते पाहताना चौकटीबाहेर राहिलेला खराऱ्याचा हातही आठवावा.