एका माणसाच्या चार खुर्च्या

अठराव्या शतकाच्या मध्यावर बोस्टनमध्ये थॉमस हचिन्सन हे बडे प्रस्थ होते. हा धनाढ्य व्यापारी १७५८ पासून मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा उपगव्हर्नर होता. गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातही तो बसे आणि तेच मंडळ विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणून काम करी. शिवाय मृत्युपत्रे आणि वारसाहक्काच्या प्रकरणांचा तो न्यायाधीश होता. १७६० मध्ये, वकिलीचे शिक्षण नसताना, वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपदही त्याच्याकडे आले.

फेब्रुवारी १७६१ मध्ये त्याच्यापुढे एक खटला उभा राहिला. जकात अधिकाऱ्यांना कोणत्याही घरात, दुकानात घुसून झडती घेऊ देणारे सरसकट परवाने द्यावेत की नाही, असा वाद होता. व्यापाऱ्यांच्या बाजूने जेम्स ओटिस तावातावाने बोलला. पण ज्या सरकारविरुद्ध दाद मागायची, त्याचाच उपप्रमुख न्यायासनावर! परवाने अखेर दिले गेले. ओटिसचे भाषण ऐकायला पंचविशीतला एक वकील हजर होता. त्याचे नाव जॉन अ‍ॅडम्स. हचिन्सन आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनी पदे कशी वाटून घेतली आहेत, याचा संताप अ‍ॅडम्सच्या डायरीत पुढे उतरला. ऑगस्ट १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या स्टॅम्प कायद्याने खवळलेल्या जमावाने हचिन्सनचे घर उद्ध्वस्त केले, आणि त्याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाची हस्तलिखित पाने रस्त्यावरच्या चिखलात फेकली. खरे तर त्या कायद्याला तो स्वतःही खासगीत विरोध करत होता. मला वाटते, प्रश्न त्याच्या नीतिमत्तेचा नव्हताच. चांगल्या माणसावरही कोणी विश्वास ठेवू नये अशीच ती व्यवस्था होती.

अमेरिकी सत्ताविभाजनाची कुळकथा सांगताना सहसा फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूपासून सुरुवात करतात. त्याचा ग्रंथ १७४८ चा, आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण त्याने ज्या इंग्लंडचा आदर्श मांडला, तिथे वॉलपोलसारखा मंत्री संसदेत बसूनच कारभार हाकत होता. पुस्तकाने अमेरिकनांना शब्द दिले. गरज मात्र त्यांनी अंगावर झेललेली होती.

स्वातंत्र्य मिळवताना त्यांना धाक होता तो राजाच्या गव्हर्नरांचा. म्हणून १७७६ मध्ये बहुतेक राज्यांनी सगळी ताकद निवडून आलेल्या सभागृहांच्या पदरात टाकली. व्हर्जिनियाने सत्तेचे तिन्ही विभाग वेगळे असतील असे संविधानात लिहिले, पण गव्हर्नर दरवर्षी विधिमंडळानेच निवडायचा. जेफरसनने ते पद दोन वर्षे भोगले आणि मग लिहिले की १७३ सभासदांच्या हाती एकवटलेली सत्ता एका राजाच्या सत्तेपेक्षा सौम्य ठरत नाही. मला या इतिहासातली ही सर्वांत धाडसी कबुली वाटते. लोकांनी निवडलेल्यांनाही आवर हवा, हे क्रांती ताजी असताना म्हणायला छाती लागते.

मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या संविधानाचा मसुदा अ‍ॅडम्सने लिहिला. त्यातल्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तिसाव्या कलमाने एका विभागाला दुसऱ्याचे काम करायला मनाई केली, आणि त्याच संविधानाने अन्यत्र एकाच माणसाने अनेक पदे अडवून बसण्यावरही निर्बंध आणले. सोबत गव्हर्नरला नकाराधिकार मिळाला. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो मोडून काढायचा.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात संघराज्याचे संविधान लिहिताना हाच नमुना समोर होता. प्रतिनिधी जेम्स मॅडिसनला नकाराधिकार राष्ट्रपती आणि न्यायाधीशांच्या संयुक्त मंडळाकडे हवा होता; तो हरला. मोडून काढण्याची अट ऑगस्टमध्ये तीनचतुर्थांशावर नेली, सप्टेंबरमध्ये पुन्हा दोनतृतीयांशावर आणली. राष्ट्रपती काँग्रेसनेच निवडावा ही कल्पना तर जवळजवळ शेवटपर्यंत तग धरून होती. पुढे मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’च्या लेखांत स्पष्ट केले की विभाग एकमेकांपासून पूर्ण तोडायचे नसतात; एकाला दुसऱ्याच्या कामात थोडा हात असला, तरच तो त्याला अडवू शकतो.

हचिन्सनची छाया मात्र त्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमात दिसते: संघराज्याचे पद धारण करणाऱ्याला काँग्रेसचा सदस्य राहता येत नाही. ही बंदी काँग्रेस-सदस्यांपुरती होती, म्हणून एक फट उरली. फेब्रुवारी १८०१ मध्ये जॉन मार्शल सरन्यायाधीश झाला, तरी महिनाभर परराष्ट्रमंत्र्याचे कामही तोच पाहत होता. त्याच काळात त्याने मोहोर उठवलेले, पण मार्बरी नावाच्या माणसाच्या हाती न पोहोचलेले नेमणूकपत्र वादाचे मूळ ठरले. प्रतिवादी होता नवा परराष्ट्रमंत्री मॅडिसन, आणि १८०३ मध्ये निकाल दिला तो मार्शलनेच. काँग्रेसच्या कायद्यातला घटनाबाह्य भाग रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार या निकालाने पक्का झाला. आज असा न्यायाधीश प्रकरणातून बाजूला होईल, अशीच अपेक्षा आपण ठेवू.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना ही व्यवस्था चांगली ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी तिची ब्रिटिश पद्धतीशी तुलना केली. अमेरिकी पद्धतीत सरकार अधिक स्थिर असते आणि संसदीय पद्धतीत अधिक जबाबदार असते. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारची झाडाझडती रोज होऊ शकते. दोन पद्धतींतल्या या फरकामुळेच हिलरी क्लिंटन यांना २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री होण्यासाठी सिनेटची जागा सोडावी लागली, तर भारतात सलग सहा महिने खासदार नसलेल्या मंत्र्याचे मंत्रिपद अनुच्छेद ७५ नुसार संपते.