‘पॅक्स-६’ : माशीपासून माणसापर्यंत डोळा घडविणारे जनुक

नवी दिल्ली : मूल जन्मतः दृष्टिबाधित का होते, या प्रश्नाला अनेक उत्तरे आहेत. गर्भावस्थेतील संसर्ग हे त्यांपैकी एक, तर जनुकीय दोष हे दुसरे. ‘पॅक्स-६’ या जनुकातील बिघाड हा असाच एक दुर्मीळ, पण विज्ञानाला बरेच काही शिकविणारा दोष आहे.

मानवी गर्भात डोळ्याच्या घडणीला चौथ्या आठवड्यात प्रारंभ होतो. ‘पॅक्स-६’पासून तयार होणारे प्रथिन इतर अनेक जनुकांना कार्यान्वित करते आणि त्यातून भिंग, दृष्टिपटल आदी भाग आकार घेतात. ११ व्या गुणसूत्रावरील या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असल्यास ‘ॲनिरिडिया’ हा विकार होतो. त्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, अंशतः किंवा जवळजवळ पूर्णपणे नसते. पुढे मोतीबिंदू व काचबिंदूचाही धोका असतो. हा विकार साधारणतः ४० हजार ते १ लाख जन्मांमागे एका बालकात आढळतो.

मानवातील या जनुकाचा शोध १९९१ मध्ये लागला. फळमाशीतील ‘आयलेस’ हे जनुक त्याचेच प्रतिरूप असल्याचे स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाचे वॉल्टर गेरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक माशीच्या पंख, पाय व स्पर्शिकांच्या पेशींत कार्यान्वित केले, तेव्हा तेथे डोळे उगवले. उंदराचे जनुक वापरूनही डोळे तयार झाले. मात्र ते उंदराचे नव्हे, माशीचे होते. ‘डोळा घडवा’ हा आदेश दोन्ही प्राण्यांत समान आहे, परंतु डोळा कोणत्या प्रकारचा असावा हे त्या प्राण्याची इतर जनुके ठरवितात, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले. माणूस आणि माशी यांचा सामाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा मानला जातो.

या ज्ञानाचा उपयोग आज निदानासाठी होतो. बाधित पालकाकडून हा दोष अपत्यात येण्याची शक्यता प्रत्येक वेळी ५० टक्के असते. काही बालकांत तो नव्यानेही उद्भवतो. ‘पॅक्स-६’सोबत शेजारचे ‘डब्ल्यूटी-१’ हे जनुकही गळालेले असल्यास मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून अशा बालकांची जनुकीय चाचणी आणि गरजेनुसार ठरावीक अंतराने सोनोग्राफी आवश्यक ठरते. वेळीच आढळल्यास हा कर्करोग बहुतांशी बरा होतो.

दृष्टीची उणीव मात्र पूर्णपणे भरून काढणारा उपचार अद्याप नाही. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीइतकेच शिक्षण व प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते. राजधानीत आर. के. पुरमच्या सेक्टर ५ मधील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हे काम करते. या राष्ट्रीय संस्थेची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत झाली होती.