आडनाव नसलेल्यांनी काय लिहायचं?

अमेरिकी व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म उघडला की सुरुवातीलाच दोन चौकोन येतात. सरनेम आणि गिव्हन नेम्स. आपल्या मराठी माणसाचा घोळ फार तर वडिलांचं नाव कुठे टाकायचं एवढाच. पण माझ्या टीममधल्या तमिळ मित्राच्या पासपोर्टवर नाव एकच, त्याच्या घरात आडनाव कुणालाच नाही. अशांसाठी फॉर्ममधली सूचना अशी की असलेलं नाव सरनेममध्ये लिहा आणि दुसऱ्या चौकोनात 'एफएनयू'. म्हणजे फर्स्ट नेम अननोन! आई ज्या नावाने हाक मारते ते आडनाव झालं, आणि नाव म्हणे अज्ञात. बिचारा दोनदा विचारत होता, "अरे, हे खोटं तर नाही ना ठरणार?"

हे चौकोन आले कुठून? पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता यायचं. युद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. तेव्हा नाव हाताने लिहीत, वाचणाराही माणूसच. त्यामुळे नाव कसंही असलं तरी चालून जायचं.

खरी मेख १९८० ची. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राने वाचायच्या पासपोर्टचं मानक काढलं, 'डॉक ९३०३'. फोटोच्या पानावर तळाशी ४४ अक्षरांच्या दोन ओळी दिसतात ना, त्या याच्याच. वरच्या ओळीत प्रकार आणि देश यांना ५ जागा, उरलेल्या ३९ नावाला. आधी 'मुख्य ओळख', मग दोन बाणांसारखी चिन्हं, मग 'दुय्यम ओळख'. आता गंमत बघा. नावाचे भाग पडत नसतील तर सगळं नाव मुख्य ओळखीत घाला, दुय्यम रिकामी राहिली तरी चालेल, असं हे मानकच सांगतं! आडनावाची सक्ती त्यात नाहीच. ती आली फॉर्म बनवणाऱ्यांकडून. चौकोनाशेजारी लाल चांदणी लावणारे आम्हीच लोक, दुसरं कोण :)

ही सक्ती कधीकधी थेट विमानतळावर भोवते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाही असं ठरवलं. मग खुलासा आला की दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल.

असो. फॉर्म भरताना अडलात तर पासपोर्टची ती तळाची ओळ बघा. देशाच्या तीन अक्षरांपासून दोन बाणांपर्यंत जे आहे ते सरनेम. बाणांच्या पुढचं गिव्हन नेम. पुढे नुसतेच बाण असतील तर त्या देशाच्या फॉर्मची सूचना शोधा, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.